लेकीचा स्नॅच अडलाय? आधी वजन उतरवा



लोणच्याची बुरशी, गाद्यांची ऊब, मुलांचे डबे यांवर बोलणाऱ्या आपल्या या पानावर आज लोखंडी वजनांचा विषय बघून तुम्हांला नवल वाटेल. पण दिवस बदललेत. आपल्या मुली खो-खो, कबड्डीबरोबर आता वेटलिफ्टिंगलाही जाऊ लागल्यात, आणि त्यांच्या आयांची पत्रंही येऊ लागलीत. त्यांतलंच एक पत्र आज घेते. नाव-गाव देत नाही, पण हे पत्र एकीचं असलं तरी प्रश्न पुष्कळजणींचा आहे.

“माझी मुलगी १४ वर्षांची, नववीत आहे. वर्षभरापूर्वी शाळेतल्या सरांनी तिला वेटलिफ्टिंगला घेतलं. क्लीन अँड जर्क तिला चांगला जमतो. पण स्नॅच म्हणून जो प्रकार आहे, तो तीन महिने ३० किलोवर अडकलाय. ३२ लावले की बार पुढे पडतो. तिच्यामागून आलेली मुलगी तिच्यापुढे गेली. घरी येते ती गप्प गप्प. परवा म्हणाली, ‘आई, मी उद्यापासून जाणार नाही.’ सासूबाई म्हणतात, बरंच झालं. मुलीच्या जातीला ओझी उचलणं हवंय कशाला, उंची खुंटेल, पुढे मूलबाळ व्हायला त्रास होईल. तिचे बाबा रोज एकच विचारतात, ‘आज किती?’ मला तर त्यातलं काहीच कळत नाही. दीड महिन्यावर जिल्ह्याची स्पर्धा आहे. तिला सोडू द्यावं की ढकलावं? आणि मी घरात बसून करू तरी काय शकते?”

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तुम्ही बरंच काही करू शकता. आणि सोडायचं की नाही, हे आज ठरवूच नका. स्नॅच अडला म्हणजे मुलीत ताकद नाही, असं मुळीच नाही. ताकद नसती तर क्लीन अँड जर्कही अडला असता. बहुतेक वेळा उचलण्यात एखादी चुकीची सवय बसलेली असते. हलक्या वजनाला ती झाकून जाते, वजन वाढलं की उघडी पडते. विणकामात खालचा टाका सुटला असेल, तर वर कितीही ओळी चढवा, स्वेटर वाकडाच होणार. तिथे आपण काय करतो? निमूटपणे उसवतो आणि सुटलेल्या टाक्यापासून पुन्हा विणतो. स्नॅचचंही तेच औषध आहे.

स्नॅच म्हणजे नेमकं काय?

वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेत दोन प्रकार असतात. क्लीन अँड जर्कमध्ये बार आधी खांद्यांवर घेतात, क्षणभर सावरतात आणि मग डोक्यावर नेतात. स्नॅचमध्ये मधला मुक्कामच नाही. जमिनीवरचा बार एका दमात थेट डोक्यावर. प्रत्येक प्रकाराला तीन प्रयत्न मिळतात आणि दोन्हींतल्या उत्तम वजनांची बेरीज धरतात.

मुलींचा बार १५ किलोचा असतो, पुरुषांचा २० किलोचा. आता हे आपल्या मापाने बघा. घरगुती गॅसचं रिकामं सिलिंडर साधारण १५-१६ किलोचं आणि भरलेलं ३० किलोच्या आसपास. म्हणजे तुमची चौदा वर्षांची लेक भरलेल्या सिलिंडरएवढं वजन एका झेपेत डोक्यावर नेते! तिच्या बाबांना हे एकदा सांगा. ‘आज किती?’ विचारताना त्यांचा आवाज जरा बदलेल.

स्नॅच अवघड का, तर त्याला चूक दुरुस्त करायला सवडच नाही. बार जमिनीवरून सुटल्यापासून मुलगी त्याच्याखाली जाईपर्यंत फार तर एक-दीड सेकंद जातो. पहिल्या वीतभर अंतरात बार थोडा पुढे गेला, तर शेवटी डोक्यावर तो हातभर पुढे असतो. म्हणूनच ताकदवान मुलींची गाडी क्लीन अँड जर्कमध्ये पळते आणि स्नॅचमध्ये अडते.

मीराबाई चानूचंच बघा. एप्रिल २०२१ मध्ये ताश्कंदला झालेल्या आशियाई स्पर्धेत तिने ४९ किलो गटात क्लीन अँड जर्कला ११९ किलो उचलून जागतिक विक्रम केला. त्याच स्पर्धेत तिचा स्नॅच होता ८६ किलो. तब्बल ३३ किलोंचा फरक! स्नॅच हीच तिची दुखरी बाजू होती. म्हणून २०२० च्या अखेरीस ती अमेरिकेत जाऊन खांद्याच्या आणि पाठीच्या हालचालींवर मुद्दाम काम करून आली. पुढे टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, तिने स्नॅचला ८७ आणि एकूण २०२ किलो उचलून रौप्यपदक आणलं. तेव्हा स्नॅच अडणं ही काही लाज वाटण्यासारखी गोष्ट नाही.

आईने ओळखावेत असे पाच टप्पे

शिकवणं सरांचं काम, ते त्यांनाच करू द्या. पण पोळी फुगली नाही तर कणीक सैल होती की तवा गार होता, हे आपल्याला नुसतं बघून कळतं ना? तशी नजर इथेही तयार होते.

१. पकड आणि उभं राहणं. स्नॅचची पकड रुंद असते. माप काढायची सोपी युक्ती अशी : काठी धरून ताठ उभं राहायचं, हात सरळ सोडायचे. काठी बरोबर मांडी आणि पोट यांच्यामधल्या घडीवर टेकली, तर पकड बरोबर. काठी खाली मांडीवर येत असेल तर हात आणखी लांब न्यायचे. अंगठा आधी बारभोवती आणि बोटं त्याच्यावरून, याला हुक पकड म्हणतात. पहिले दोन-तीन आठवडे अंगठा चांगलाच दुखतो, मग सवय होते. बार पावलांच्या मध्यावर, म्हणजे बुटाच्या नाडीच्या वर हवा. पाठ सपाट, छाती उघडी, खांदे बारच्या किंचित पुढे.

२. जमिनीपासून गुडघ्यापर्यंत. इथे घाई नको. पायांनी जमीन खाली दाबायची. खांदे आणि कंबर बरोबरीने वर आले पाहिजेत.

३. गुडघ्यापासून कमरेपर्यंत. बार अंगाला धरून वर सरकतो. पाण्याने भरलेली कळशी आपण अंगापासून लांब धरून नेतो का? कमरेला टेकवूनच नेतो. तसंच इथे. हात मात्र सरळ, विहिरीच्या पोहऱ्याच्या दोरीसारखे. दोरी काही ओढत नाही, ती नुसती धरून ठेवते. ओढायचं काम पाय आणि कंबर करतात.

४. झेप. बार मांडीच्या घडीशी आला की सगळा जोर लावून ताठ व्हायचं, उंच उडी मारताना होतो तसं. जोर वरच्या दिशेने हवा. कमरेने बारला पुढे धक्का दिला तर तो झोक्यासारखा लांब जातो.

५. खाली जाणं आणि झेलणं. बार वर जातोय तोवर मुलीने विजेसारखं त्याच्याखाली बसायचं. कोपरं सरळ, बार डोक्याच्या किंचित मागे, मानेच्या वर. बसल्यावर हातांनी छताला रेटल्यासारखं बारला वर रेटत राहायचं आणि मग शांतपणे उभं राहायचं.

हे पाचवं फार महत्त्वाचं आहे, बरं का. बघणाऱ्याला वाटतं की मुलीने बार वर फेकला. खरं म्हणजे बार छातीच्या जरा वर एवढाच चढतो. उरलेलं अंतर मुलगी खाली बसून भरून काढते. नवख्या मुलीला नेमकी खाली जायचीच भीती वाटते.

नेहमीच्या चुका आणि त्यांवरचे उपाय

बूड आधी उठतं. गुडघे झटकन सरळ होतात, कंबर वर जाते, खांदे आणि बार मागेच राहतात. मग सगळं ओझं पाठीवर येतं आणि बार पुढे जातो. उपाय : हलक्या वजनावर गुडघ्यापर्यंत सावकाश यायचं, तिथे मनात दोन अंक मोजत थांबायचं आणि मग पुढे जायचं. थांबल्यामुळे चूक लपत नाही.

बार अंगापासून दूर जातो. याची खूण म्हणजे झेलताना मुलगी पुढे उडी मारते. तुमच्या लेकीचा बार पुढे पडतो असं तुम्ही लिहिलंय, म्हणून बहुधा ही चूक किंवा वरची चूक तिच्यात असावी. उपाय : जमिनीवरून उचलणं काही दिवस बंद. बार कमरेशी धरून तिथूनच स्नॅच करायचा. आणखी एक युक्ती. बारच्या मधल्या भागाला थोडा खडू लावायला सांगा. घरी आल्यावर चड्डीवरचा पांढरा डाग बघा. मांडीच्या घडीपाशी असेल तर ठीक, मांडीच्या मध्यावर असेल तर झेप फार लवकर होतेय. कपडे आपणच धुतो, तेव्हा हा पुरावा आपल्याच हाती येतो! कमरेजवळ थोडी लाली येणं नेहमीचं आहे. मांडीवर काळंनिळं होत असेल तर सरांच्या कानावर घाला.

हात लवकर वाकतात. मुलगी हातांनी ओढायला बघते. कोपर वाकलं की पायांचा जोर वाटेतच गळतो. उपाय : नुसतं ओढायचं, डोक्यावर न्यायचं नाही, असा सराव. याला स्नॅच पुल म्हणतात. पाय पुरते ताठ होईपर्यंत हात सरळ.

बसायची भीती. मुलगी अर्धवट वाकून बार झेलते आणि मग कोपरं ढकलून सरळ करते. स्पर्धेत हे बाद धरतात. उपाय : काठी डोक्यावर धरून उठाबशा, मग रिकाम्या बारने. त्याबरोबरच बार टाकायला शिकवणं. हो, टाकायला! पुढे पडतोय असं वाटलं की हातांनी पुढे ढकलून आपण मागे सरायचं. मागे पडतोय असं वाटलं की सोडून देऊन पुढे पाऊल टाकायचं. पडणारा बार वाचवायचा प्रयत्न कधीही करू नये. आपली सुटका कशी करायची हे कळलं की भीती निम्मी होते.

एका वेळी एकच चूक धरायची, हे मात्र पक्कं. ‘पाठ सरळ, हात सरळ, पटकन बस, बार जवळ’ असं चारी बाजूंनी सांगितलं, तर मुलगी भांबावते आणि चारही विसरते.

तीन आठवड्यांचं उसवणं

आता मुख्य सल्ला. सरांना भेटा, नम्रपणे विचारा, “सर, तीन आठवडे तिचं वजन कमी करून बघू या का?” चांगले प्रशिक्षक याला नाही म्हणत नाहीत. पुष्कळदा त्यांनाही हेच हवं असतं, घरून ‘किती?’ची घाई असते म्हणून मुलगीच ऐकत नाही. क्रम साधारण असा ठेवता येईल. सर जो बदल सुचवतील तो मानावा.

*पहिला आठवडा :* काठी आणि रिकामा १५ किलोचा बार. फक्त कमरेपासून स्नॅच. तीन-तीनचे पाच-सहा फेरे, मध्ये दीड-दोन मिनिटं विसावा. शिवाय डोक्यावर बार धरून उठाबशा, पाच-पाचचे तीन फेरे.

*दुसरा आठवडा :* १८ ते २० किलो. गुडघ्याच्या वरून आणि मग गुडघ्याखालून. प्रत्येक फेऱ्यात दोन किंवा तीनच. स्नॅच दमलेल्या अंगाने केला की वाईट सवयी पक्क्या होतात, म्हणून फेरे जास्त, पण प्रत्येक फेऱ्यात उचलणं कमी.

*तिसरा आठवडा :* २२ ते २५ किलो, जमिनीवरून. आधी गुडघ्याशी थांबून, मग न थांबता.

आठवड्यातून तीन दिवस पुरे. स्नॅच नेहमी सरावाच्या सुरुवातीला, अंग ताजं असताना करायचा. आणि नियम दोन : ओळीने तीन स्नॅच स्वच्छ झाले तरच वजन वाढवायचं, तेही एका किलोने, लागोपाठ दोन चुकले की वजन उतरवायचं. उतरवण्यात कमीपणा नाही. भाजी लागायला लागली की आपण आच कमी करतोच ना?

घरी काय करता येईल?

घरात बार आणू नका. फरशी फुटेल ती फुटेल, पण मुलगी एकटीने उचलायला गेली तर दुखापत व्हायची. घरी काठीच पुरे. केरसुणीचा दांडा किंवा पडद्याचा पाइपही चालेल.

एक, उकिडवं बसणं. अनवाणी पायांनी, टाचा जमिनीला टेकवून, पाठ शक्य तेवढी ताठ ठेवून बसता येतं का बघा. आपल्या आया-आज्या अशा बसून तासन् तास तांदूळ निवडत. खुर्ची-टेबल आणि कमोड आल्यापासून मुलांचे घोटे आखडलेत. टाचा उचलत असतील तर रोज पाच मिनिटं दाराची चौकट धरून बसायला लावा. शेंगा सोलायलाही चालेल, काम आणि व्यायाम दोन्ही होईल!

दोन, काठी रुंद धरून सरळ हातांनी पुढून डोक्यावरून मागे आणि परत, दहा वेळा, हळूहळू. खांद्यात कळ आली तर पकड आणखी रुंद करायची किंवा थांबायचं.

तीन, काठीचा स्नॅच, रोज दहा मिनिटं, सावकाश. आरशासमोर नको. मान वळली की अंग वळतं.

चार, तुमचा मोबाईल. सरांची परवानगी घेऊन महिन्यातून दोन-तीनदा सरावाला जा. बाजूने, पाच-सहा पावलांवरून, फोन कमरेच्या उंचीवर धरून चित्रण करा. तीनच गोष्टी बघा : बार अंगाजवळ आहे का, पाय पुढे उडतात का, झेलताना कोपर सरळ आहे का. सरांना दाखवा, मुलीला दाखवा आणि तिथेच थांबा. नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅपवर टाकू नका. पडलेला बार मावश्या-आत्यांनी बघावा, असं कुठल्याही मुलीला वाटत नाही.

बुटांबद्दल पुष्कळजणी विचारतात. धावायचे मऊ, गुबगुबीत तळव्यांचे बूट नकोत. त्यात पाय डुगडुगतात. सुरुवातीला कडक, सपाट तळव्याचे साधे कॅनव्हासचे बूट चालतात. टाच उंच असलेले खास बूट महाग असतात. मुलगी वर्षभर टिकली की मग बघा.

डब्याचं काय?

रिकाम्या पोटी सरावाला पाठवू नका. जायच्या तासभर आधी एक केळं, किंवा पोळी आणि गूळ-तूप. आल्यावर दूध किंवा ताक आणि जेवणात रोज काहीतरी भरीव : मोड आलेल्या मटकी-मुगाची उसळ, घट्ट वरण, दही, शेंगदाण्याची चटणी; चालत असेल त्या घरी अंडी, मासे. नाचणीची भाकरी, पालेभाजी आणि त्यावर लिंबू पिळायला विसरू नका. लिंबाने पालेभाजीतलं लोह अंगी लागायला मदत होते. मुलगी सारखी दमत असेल, निस्तेज दिसत असेल, तर डॉक्टरांकडून रक्तातलं हिमोग्लोबिन तपासून घ्या. आपल्याकडच्या कितीतरी मुलींचा स्नॅच खरं म्हणजे तिथेच अडलेला असतो.

दोन गोष्टी मुळीच नकोत. वजनगटात बसण्यासाठी वाढत्या वयाच्या मुलीला उपाशी ठेवणं नको. आणि जिममध्ये कुणीतरी दिलेल्या पावडरी, गोळ्या नकोत. त्यात बंदी असलेली द्रव्यं निघाली, तर मुलीवर बंदी येऊ शकते. ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून सहसा सुटका होत नाही.

सासूबाईंची शंका

सासूबाईंना उलट उत्तर देऊ नका. त्यांची काळजी खोटी नाही, माहिती जुनी आहे. वजन उचलल्याने उंची खुंटते असा पुरावा नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही २०२० मध्ये हेच सांगितलं, की नीट आखलेल्या आणि जाणत्याच्या देखरेखीखालच्या व्यायामाने मुलांच्या वाढीवर वाईट परिणाम होत नाही. धोका असतो तो देखरेखीशिवाय, झेपेना ते उचलण्यात.

मूलबाळाचं म्हणाल तर कर्णम मल्लेश्वरीचं उदाहरण द्या. २००० साली सिडनीला स्त्रियांचं वेटलिफ्टिंग ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच आलं आणि त्याच वेळी तिने कांस्यपदक मिळवलं. ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. त्या वेळी तिचं लग्न झालेलं होतं आणि पुढच्याच वर्षी तिला मुलगा झाला. सासूबाईंना एवढं पुरे होईल.

पाळीच्या दिवसांत मुलीला बरं वाटत असेल तर हलका सराव करायला हरकत नाही. पोट दुखत असेल तर विसावा. पाळी लागोपाठ तीन महिने आली नाही, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. पुष्कळदा खाणं कमी आणि कष्ट जास्त, हे त्याचं कारण असतं.

आणि हे सगळं फक्त मणिपूर-आंध्रच्याच मुलींना जमतं असंही नाही. पुणे जिल्ह्यातल्या वडगाव मावळच्या हर्षदा गरुडने २०२२ मध्ये ग्रीसमध्ये झालेल्या जागतिक ज्युनिअर स्पर्धेत ४५ किलो गटात सुवर्णपदक घेतलं. स्नॅच ७० किलो, क्लीन अँड जर्क ८३. या स्पर्धेत सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय. त्याच वर्षी सांगलीच्या संकेत सरगरने बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात रौप्य मिळवलं. स्नॅचला ११३ किलो उचलून तो पुढे होता. नंतर कोपराच्या दुखापतीमुळे सुवर्ण एका किलोने हुकलं. त्याच्या वडिलांची सांगलीत पानपट्टी. तेव्हा घर साधं असणं आड येत नाही.

आता जिल्ह्याच्या स्पर्धेबद्दल

तीन आठवडे उसवून विणण्यात गेले, तरी तीन आठवडे हातात राहतात. तेवढ्यात ती ३२ वर जाईलच, असं वचन मी देणार नाही. पण ३० किलो तिच्या हातून डगमगता जात होते, ते ठाम जाऊ लागतील, आणि खरी कमाई तीच.

स्पर्धेत पहिला प्रयत्न असा सांगावा, की अंगात कणकण असली तरी तो होईल. तुमच्या लेकीसाठी २६-२७ ठीक वाटतात. शेवटचा शब्द सरांचा. एकदा सांगितलेलं वजन उचलायला घेतलं की खाली येता येत नाही, आणि तिन्ही स्नॅच चुकले तर बेरीजच होत नाही. टोकियोला मीराबाईने सुरुवात ८४ पासून केली, मग ८७ उचलले आणि ८९ चा तिसरा प्रयत्न चुकला. ऑलिंपिकच्या रौप्यपदकातही एक चुकलेला प्रयत्न आहे, हे लेकीला जरूर सांगा. आणि त्याच मीराबाईला २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये क्लीन अँड जर्कचे तिन्ही प्रयत्न साधले नव्हते, हेही सांगा. पुढच्याच वर्षी ती जगज्जेती झाली.

सोडायचं की नाही, हे स्पर्धा झाल्यावर आठ दिवसांनी, पोटभर जेवण झाल्यावर, तिलाच विचारा. रडवेल्या संध्याकाळी घेतलेला निर्णय घेऊ नये, मग तो माहेरी निघून जायचा असो की खेळ सोडायचा. शांतपणे ‘नको’ म्हणाली, तर तेही मान्य करा. पण आज ती हरलेय म्हणून नको म्हणतेय, तेव्हा थोडं थांबा.

आणि तिच्या बाबांसाठी एक छोटंसं काम. ‘आज किती?’ऐवजी महिनाभर ‘आज कसा झाला?’ एवढंच विचारायचं. किलो विचारले की मुलगी किलो वाढवायला बघते. कसा झाला विचारलं की ती नीट उचलायला बघते, आणि मग किलो आपोआप वाढतात.

तुमच्याही मुली असा काही खेळ खेळत असतील, तर तुम्ही घरी काय केलंत, डब्यात काय दिलंत, ते जरूर कळवा. निवडक अनुभव याच पानावर छापू.

पुढच्या आठवड्यात : पावसाळ्यापूर्वी डाळी-तांदूळ कसे साठवावेत आणि कडुनिंबाचा पाला किती व केव्हा घालावा.